ऑपरेशनच्या दारातला आकाराम

आकारामचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा होता. ड्रेसिंगला घाबरून एखादा पेशंट हातपाय झाडायला लागला, की तो मुद्दाम बाही वर सारून तो हात त्याच्या नाकासमोर धरायचा. म्हणायचा, ह्याच्यावर अडीच म्हयनं रोज ड्रेसिंग झालंय, मी मेलोय काय? पेशंट हाताकडं बघायचा, मग आकारामच्या तोंडाकडं बघायचा आणि गुमान पाय लांब करायचा.

तो मूळचा हुपरीकडचा. घरोघरी चांदीची पैंजणं घडवणाऱ्या त्या गावात ह्याच्या राकट बोटांना ते नाजूक काम काही जमलं नाही, म्हणून शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत ओतकामाला लागला. एका पावसाळ्यात साच्यात ओल राहिली. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्यात पडलं, तसा साचा बाँबसारखा फुटला. लाल रस पत्र्याच्या छपरापर्यंत उडाला आणि खाली येताना माणसांवर आला. शेजारचा माणूस जागेवर गेला. आकारामनं तोंड वाचवायला हात आडवा धरला, तो हात असा झाला.

अडीच महिने तो कोल्हापुरातल्या एका चार मजली दवाखान्यात पडून होता. जे शिकला ते तिथंच, आणि तेही मास्तरांनी शिकवलेलं नव्हे. शेजारच्या खाटेवर कबनूरचा एक यंत्रमागवाला होता. मागाच्या पट्ट्यात सापडून त्याच्या दंडाचा चेंदा झालेला. सकाळी ऑपरेशन, पोटात काही घालायचं नाही, असं नर्स दहादा सांगून गेली. तिची पाठ वळली आणि सासुरवाडीची माणसं आली. त्यांनी चादर आडवी धरून त्याला तूप घातलेला शिरा भरवला. उपाशीपोटी माणूस भूल सोसणार कसा, अशी त्यांची समजूत. आकारामनं सगळं बघितलं. पण परक्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा, म्हणून त्यानं कूस बदलली. भूल दिल्यावर त्या माणसाला उलटी झाली, ती उलट छातीत गेली आणि तासाभरात त्याला पांढऱ्या कापडात बाहेर आणला. मग सासुरवाडीच्या त्याच माणसांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या, एका कंपाउंडरचे दात पाडले, डॉक्टरला जिन्यावरनं खाली ढकलला. शिऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. आकारामनंही काढलं नाही.

हात बरा झाल्यावर तो फौंड्रीत परत गेला नाही. त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून राहिला, आणि गेली बावीस वर्षं तिथंच आहे. सगळे त्याला मामा म्हणतात. तो येईल त्याला पावणं म्हणतो आणि दरडावतो.

कोल्हापूरच्या माणसाला पेशंट बघायला जाणं म्हणजे लग्नाला जाण्यासारखंच. टेम्पो करून येतात. एकदा पोटाचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला भेटायला अख्खी भावकी दुधाच्या कॅनमधनं पांढरा रस्सा घेऊन आली. आकारामनं कॅन धरला, ते सोडेनात. ओढाओढीत रस्सा सगळ्या जिन्यावर सांडला, दोन पावणं त्यावरनं घसरून खालच्या मजल्यावर पडले आणि त्यातला एक तिथंच ॲडमिट झाला. दुसऱ्या खेपेला एका मामानं भाच्याचा मोडलेला पाय तालमीतल्या सवयीनं रगडला. भाचा असा ओरडला, की खालच्या दुकानातली माणसं वर आली. आकारामनं त्या मामाला मानगुटीला धरून बाहेर काढला आणि बदल्यात एक थोबाडीत खाल्ली. बावीस वर्षांत त्यानं अकरा वेळा मार खाल्ला. त्यात एक दात गेला, तो कुणामुळं गेला हेसुद्धा तो नावानिशी सांगतो.

त्याचं बोलणं मात्र एकच असायचं. पेशंटजवळ एकच माणूस थांबा, बाकीच्यांनी खाली चहा घ्या. खाटेवर बसू नका, नळी दबते. जुन्या गोळ्या, जुने कागद एका पिशवीत घालून आणा, न्हाईतर डॉक्टरनं अंदाजानं काय म्हणून द्यायचं? डॉक्टरशी घरातल्या एकानंच बोला आणि ऐकलेलं कागदावर लिहा, धा जणांनी ऐकलं की धा गोष्टी हुत्यात. दारू, तंबाखू, जे काय असंल ते खरं सांगा, डॉक्टर काय तुमचा सासरा न्हाय. आणि भूल द्यायच्या आधी पोटात गेलेला घोट लपवू नका. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज चढायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, मामाचं डोकं तापट आहे.

तर गेल्या सालची फुटबॉलची फायनल. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा, तालमींचा असतो, एकेका तालमीचा एकेक संघ, आणि मॅच संपली तरी तो संपत नाही. एकाच पेठेतल्या दोन तालमींची गाठ पडली होती. लोक त्यांना वरची आणि खालची म्हणतात. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी पडली. वरच्या तालमीच्या गोलकीपरनं ती अडवली. त्याचं नाव सम्राट, वय वीस. मैदानात पोलीस होते म्हणून तिथं काही झालं नाही. पण दिवेलागणीला पेठेच्या तोंडाला दोन्हीकडची पोरं भिडली. झेंड्याच्या काठ्या, फरशीचे तुकडे, मोटरसायकलच्या साखळ्या. खालच्या तालमीच्या अमरसिंहाच्या कपाळात फरशी बसली आणि डोळ्यावर रक्ताचा पडदा आला. कुणीतरी ऊस तोडायचा कोयता काढला. सम्राटनं मान चुकवली, वार खांद्यावर पडला आणि मानेच्या मुळापर्यंत उतरला. गोल अडवणारा हात लोंबकळायला लागला.

दोघंही एकाच दवाखान्यात आले, कारण जवळ तोच. अमरसिंह दुसऱ्या मजल्यावर, सम्राट तिसऱ्यावर. मोठ्या डॉक्टरांनी सम्राटचं रक्त थांबवलं, जखम धुऊन बांधली आणि सांगितलं, हात उचलणारी आतली शीर तुटलीय, ती सकाळी दहाला भूल देऊन जोडायची. जितकी लवकर जोडू तितका हात परत येईल. रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको. खाटेला पाटी लावली. सम्राटचा बाप पृथ्वीराज, स्वतः एके काळी त्याच तालमीचा सेंटर फॉरवर्ड, त्यानं पाटी वाचून मान हलवली.

आकारामची ड्युटी सकाळी आठची. साडेनवाला तो स्ट्रेचर घेऊन सम्राटच्या खाटेशी आला. खोलीत बाप होता आणि कोपऱ्यात बापाची आई चिमणाबाई, सम्राटची आजी. ही पेठेत चार म्हशी बाळगून होती. सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर म्हशी आणायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळलेला पेला हातात द्यायचा, ह्यावर तिनं संसार उभा केला होता. पेठेतले निम्मे खेळाडू तिच्या हातचं धारोष्ण दूध पिऊनच वाढले होते.

आकारामनं सम्राटला उचलून घेण्यासाठी वाकून काखेत हात घातला आणि तसाच थांबला. औषधांच्या, रक्ताच्या आणि फिनेलच्या वासात त्याला आणखी एक वास आला, कच्च्या, कोमट म्हशीच्या दुधाचा. सम्राटच्या कोवळ्या मिशीच्या टोकाला काहीतरी पांढरं वाळलेलं होतं.

"सकाळधरनं काय घेतलंस?" आकारामनं हळू विचारलं.

"काय न्हाय."

"खरं सांग की गा."

सम्राटनं डोळे मिटले. "न्हाय म्हणतोय न्हवं."

पृथ्वीराज म्हणाला, की आपण रात्रभर उशाशी बसलोय, फक्त साडेसातला तोंड धुवायला खाली गेलतो, पोरानं ओठसुद्धा ओले केले नाहीत. चिमणाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली. आकारामला कबनूरचा माणूस आठवला. त्यानं स्ट्रेचर तिथंच सोडला आणि भूल देणाऱ्या डॉक्टर पूर्णिमांना जाऊन सांगितलं, की मॅडम, ह्या पेशंटच्या पोटात दूध हाय.

पूर्णिमा मॅडम स्वतः आल्या. त्यांनी सम्राटला विचारलं, बापाला विचारलं, आजीला विचारलं. तिघांनीही नाही म्हटलं. मॅडम बाहेर येऊन आकारामला म्हणाल्या, "मामा, दूध असेल तर आत्ता भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. नसेल तर थांबणं म्हणजे त्याच्या हाताशी खेळ. तुम्ही वासावरून सांगताय."

"व्हय, वासावरनंच," आकाराम म्हणाला. "पर मागं एकदा मी डोळ्यांनी बघून गप बसलोय. आता वासावर बोलतोय."

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, की थांबू या. पण किती थांबायचं, हे दूध किती वाजता गेलं त्यावर आहे. ते काढा शोधून. तोवर ऑपरेशन थेटर मोकळं ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाळाच्या जखमेवाल्याला आधी घेते.

बरोबरच होतं ते. पण दुसऱ्या मजल्यावरचा म्हणजे खालच्या तालमीचा अमरसिंह. सम्राटला मागं ठेवून त्याचा स्ट्रेचर आत गेला, हे जिन्यातल्या एका पोरानं बघितलं. पाच मिनिटांत ते रस्त्यावर पोचलं, आणि रस्त्यावर वरच्या तालमीची शंभरएक माणसं उभी होती. खालच्या तालमीनं डॉक्टर फोडला, आपल्या पोराचा हात मुद्दाम सडवतायत. एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात जाईपर्यंत हात सडलासुद्धा होता, आणि तिसऱ्यापर्यंत तो कापलाही होता.

फाटकावर दोन पोलीस होते. एकाला लोकांनी बाजूला सारला, दुसरा मोबाइलवर जादा माणसं मागत राहिला. लोंढा जिन्यानं वर आला. रिसेप्शनचं टेबल उलटलं, काच फुटली, पायाखाली कागद आणि काचा करकरायला लागल्या. एका नर्सला दंडाला धरून भिंतीवर आपटली. तिसऱ्या मजल्यावर थेटरकडं जाणाऱ्या वाटेला लोखंडी जाळीचं सरकतं दार आहे. आकारामनं ते ओढून घेतलं आणि कुलूप सापडेना, तेव्हा कडीत आपला जळका हात घालून तो दाराला टेकून उभा राहिला. आत अमरसिंहाचं कपाळ शिवणं चाललं होतं. तो ह्या गर्दीच्या हातात पडला असता तर कपाळावरच भागलं नसतं.

सगळ्यात पुढं वॉर्डमधनं येऊन गर्दीत घुसलेला पृथ्वीराज. त्याच्या हातात वाटेत उचललेला सलाईनचा लोखंडी स्टँड होता. तो ओरडला, की बाजूला हो, माझ्या पोराला मी स्वतः आत नेतो. आकारामनं मान हलवली. जाळीतनं हात घालून कुणीतरी त्याच्या पोटात गुद्दा मारला. कुणी केस धरले. एकानं त्याच्या बोटांवर बुटाची टाच मारली, पण त्या बोटांना फौंड्रीपासून फारसं कळायचं नाही, तेवढा एक फायदा.

"मारा," आकाराम म्हणाला. "पर आत जायाचं न्हाय. पोराला दूध कुणी पाजलं आणि किती वाजता, एवढं सांगा. मग मीच ढकलत नेतो त्याला."

"खालच्यांचा कुत्रा हाय ह्यो," मागनं कुणीतरी म्हणालं.

पृथ्वीराजनं स्टँड दोन्ही हातांनी उचलला. जाळीच्या फटीतनं त्याचं टोक आत आलं आणि आकारामच्या कपाळावर बसलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, मग गालावरनं खाकी शर्टावर टपकायला लागलं. पण कडीतला हात त्यानं काढला नाही. पृथ्वीराजनं स्टँड मागं घेतला. दुसऱ्यांदा मारणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तोंड पांढरंफटक, डोळ्यातनं पाणी, आणि हात मात्र थांबत नव्हता. बापाची भीती अशी हातातनं बाहेर पडली, की समोर कोण आहे ते तिला दिसत नाही.

चिमणाबाई वॉर्डच्या दारात उभी होती. हातात पिशवी, पिशवीत रिकामी किटली. तिनं रक्त बघितलं. म्हशी विताना, गाभण म्हैस मरताना तिनं आयुष्यभर रक्त बघितलं होतं, पण हे रक्त आपल्या पेल्यामुळं सांडतंय, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं असावं. ती गर्दीत घुसली. पोरांना कोपरांनी बाजूला सारत जाळीपर्यंत आली आणि मुलाच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली.

"थांबा रं मुडद्यांनो," ती म्हणाली. "दूध म्या पाजलंय."

जिन्यावरचा आवाज एकदम खाली बसला. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं, ते पुढच्यांना काय झालं म्हणून विचारत होते.

"साडेसातला पाजलं. ह्यो तोंड धुवाय खाली गेलता तवा. दोन पेलं. पोराचं येवढं रगात गेलंय, उपाशी कसा सोसंल म्हणून. आणि कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातली त्येला. म्हणून त्यो बोलंना."

पृथ्वीराजनं आईकडं बघितलं. हातातला स्टँड खाली गेला नाही, उलट तो वर गेला, आणि क्षणभर सगळ्यांना दिसलं, की आता तो म्हातारीवर पडणार. आकारामनं कडीतला हात काढला, दार लोटलं आणि तो पृथ्वीराजच्या अंगावर पडला. दोघं फरशीवर आदळले. स्टँड वाजत जिन्यावरनं खाली गेला. आकाराम वर होता, त्याच्या भुवईतलं रक्त पृथ्वीराजच्या तोंडावर गळत होतं, आणि तो त्याची मनगटं धरून एकच सांगत होता, की आईला न्हाय, पावणं, आईला न्हाय. थोड्या वेळानं पृथ्वीराजच्या अंगातलं बळ गेलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

आतनं पूर्णिमा मॅडम दारात आल्या. त्यांनी गर्दीकडं बघितलंच नाही, म्हातारीला विचारलं, "साडेसातच ना, आजी? त्यानंतर काही?"

"न्हाय. लाडू आणलं हुतं, ते त्यानं खाल्लं न्हाईत."

"म्हशीचं दूध, साय तशीच?"

"माझ्या म्हशीचं. पाण्याचा थेंब न्हाय."

मॅडमनी मनाशी हिशेब केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की साडेतीनला घेऊ. तोवर रक्त थांबलेलं आहे, हात जागेवर आहे, आणि पोरगं जिवंत आहे. दहाला घेतलं असतं तर कदाचित यातलं शेवटचं खरं राहिलं नसतं. पायऱ्यांवरची माणसं एकेक करून खाली उतरली. काहींनी जाताना उलटलेलं टेबल सरळ केलं.

आकारामच्या भुवईला सात टाके पडले. दुपारी एक हवालदार वही घेऊन आला आणि विचारलं, की मारलं कुणी. दवाखान्यातल्या लोकांना वाटलं, मामा जाऊ दे म्हणेल. पण आकारामनं पृथ्वीराजचं नाव सांगितलं, तो थेटरबाहेरच्या बाकावर बसलाय हेही सांगितलं. नर्सला भिंतीवर आपटणाऱ्याचंही नाव सांगितलं. नर्स म्हणाली, की मामा, म्हातारीकडं बघून तरी. आकाराम म्हणाला, म्हातारीनं खरं सांगितलं म्हणूनच मीबी सांगतोय, आणि असं दरवेळी सोडून देत गेलो तर उद्या दारात उभं राहायला माणूस मिळणार न्हाय.

हवालदार तिसऱ्या मजल्यावर आला तेव्हा चार वाजून गेले होते. सम्राटला आत नेलं होतं. पृथ्वीराज बाकावर बसला होता, शर्टावर अजून आकारामचं रक्त. शेजारी चिमणाबाई, मधे हातभर जागा मोकळी. बाकाच्या टोकाला आकाराम. हवालदारानं नाव विचारलं. पृथ्वीराज उठून उभा राहिला आणि म्हणाला, की येतो, पण पोरगं बाहेर आलेलं तेवढं बघून. हवालदारानं आकारामकडं बघितलं. आकारामनं मान डोलावली आणि सरकून बाकावर जागा केली. हवालदार बसला. चिमणाबाईला कुणीतरी पाण्याची बाटली दिली, ती तिनं मांडीवर तशीच धरून ठेवली.

सव्वासहाला जाळीचं दार सरकलं. सम्राट शुद्धीवर येत होता. मोठे डॉक्टर म्हणाले, की शीर जोडलीय, हात खांद्याच्या वर किती जाईल ते सहा महिन्यांनी कळेल, पण बोटं बघा. त्यांनी चादर बाजूला केली आणि पोराला बोटं हलव म्हणून सांगितलं. आधी काहीच झालं नाही. मग अंगठा हलला, त्याच्या मागोमाग बाकीची चार, हळू, एकामागनं एक.

पृथ्वीराजनं ती बोटं बघितली. आईच्या खांद्यावर हात ठेवला, तो लगेच काढला आणि हवालदाराच्या पुढं होऊन जिना उतरायला लागला. आकारामनं टाके पडलेलं डोकं रुमालानं घट्ट बांधलं, स्ट्रेचरचा दांडा धरला आणि चिमणाबाईला म्हणाला, "तुमी धरा तिकडनं, आज्जी. एकट्याला वळत न्हाय ह्यो."